उंची खुंटलेलं लेकरू: भिंतीवरच्या खुणेपासून फ्रीजमधल्या पेनापर्यंत

चौथीतलं पोरगं दुसरीच्या रांगेत उभं केलं तरी कोणाच्या लक्षात येत नसेल, तर घरात सहसा दोन वाक्यं ऐकू येतात. एक, 'बापही असाच उशिरा वाढला.' दुसरं, 'उंचीची पावडर आणा.' पहिलं कधीकधी खरं निघतं. दुसऱ्याने फक्त खिसा हलका होतो, आणि त्याहून वाईट म्हणजे एक-दोन वर्षं वाया जातात. हाडांची टोकं एकदा सांधली की कुठलंच औषध उंची देत नाही.

वाढीचं हार्मोन, म्हणजे ग्रोथ हार्मोन, मेंदूच्या तळाशी असलेल्या वाटाण्याएवढ्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं. ते दिवसभर सारखं झिरपत नाही, अधूनमधून उसळी मारतं, आणि सगळ्यात मोठी उसळी रात्रीच्या गाढ झोपेत येते. त्याच्या हुकमावर यकृत आणि हाडं आयजीएफ-१ नावाचं द्रव्य बनवतात आणि त्यातून हाडं लांबतात. हे हार्मोन कमी पडलं की उंची रेंगाळते, पोटावर चरबी साठते, स्नायू आणि हाडं कमजोर राहतात. लहान बाळांत तर उपाशीपोटी साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. बुद्धी मात्र सहसा शाबूत असते. पोरगं वर्गात पहिलं येत असेल म्हणून त्याला काही आजार नाही, असं समजू नका.

हा आजार दुर्मिळ आहे, साधारण ४,००० ते १०,००० मुलांमागे एक. विदर्भाच्या खेड्यात बुटक्या राहिलेल्या मुलांपैकी बहुतेकांचं कारण वेगळंच निघतं. म्हणून आधी मोजायचं, मग इतर कारणं काढून टाकायची आणि हार्मोनकडे शेवटी यायचं. हा क्रम उलटा केला की पैसा जातो आणि निदानही चुकतं.

मोजणं: पोळ्याला एकदा, होळीला एकदा

एका दिवशीची उंची फारसं काही सांगत नाही. उंची वाढण्याचा वेग सांगतो. पहिल्या वर्षी बाळ साधारण २५ सेंमी वाढतं, दुसऱ्या वर्षी १० ते १२. चार वर्षांनंतर वयात येईपर्यंत वर्षाला ५ ते ६ सेंमी. या काळात वेग ४ सेंमीच्या खाली असेल तर तपासणी हवीच, मग पोरगं दिसायला फार बुटकं नसलं तरी.

दोन मोजमापांत सहा महिन्यांचं अंतर ठेवा. पोळा आणि होळी ही जोडी लक्षात ठेवायला सोपी आहे, फक्त सण मागेपुढे सरकतात म्हणून तारीख लिहायलाच पाहिजे. तीन महिन्यांपेक्षा कमी अंतरावरचा हिशेब करू नका. अर्ध्या सेंटिमीटरची चूक त्यात दुप्पट-चौपट होऊन बसते.

सारवलेल्या जमिनीवर आणि पोपडे निघालेल्या भिंतीला लावून मोजलेली उंची विश्वासाची नसते. शाळेची किंवा ग्रामपंचायतीची फरशी आणि खाली पट्टी नसलेली सरळ भिंत शोधा. अंगणवाडीत उंची मोजायचं उभं साधन असेल तर उत्तमच. दोन वर्षांखालच्या बाळाची लांबी मात्र आडवं झोपवूनच घ्यायची.

चप्पल, मोजे, टोपी काढा. मुलींची वेणी किंवा अंबाडा सोडायला लावा, एवढ्याने दोन-तीन सेंमीचा घोळ झालेला असतो. टाचा, ढुंगण आणि पाठीचा वरचा भाग भिंतीला टेकलेला, गुडघे ताठ, टाचा उचललेल्या नाहीत. नजर समोर, म्हणजे डोळ्याखालचं हाड आणि कानाचं भोक एका आडव्या रेषेत. हनुवटी वर केली की उंची कमी येते. डोक्यावर वही ठेवू नका, ती वाकते. लाकडी पाट किंवा कंपासपेटीतला मोठा गुण्या भिंतीला काटकोनात लावा, केस दाबून खाली आणा, खूण करा आणि जमिनीपासून स्टीलच्या टेपने मोजा. शिंप्याची कापडी टेप ताणली जाते. दोनदा मोजा. फरक अर्ध्या सेंमीपेक्षा जास्त आला तर तिसऱ्यांदा. वेळही तीच ठेवा, कारण दिवसभर चालून-बागडून संध्याकाळी मणक्यातल्या चकत्या दबतात आणि उंची जवळपास एक सेंमी कमी भरते.

हिशेब असा. पोळ्याला १०८.२ सेंमी, साडेसहा महिन्यांनी होळीला ११०.० सेंमी. वाढ १.८ सेंमी. १.८ ला ६.५ ने भागून १२ ने गुणलं की वर्षाला ३.३ सेंमी येतात. सात वर्षांच्या मुलासाठी हे कमी आहे. डॉक्टरकडे जाताना फाईलमध्ये हा कागद सगळ्यात वर ठेवा.

आता वय. खेड्यात कितीतरी मुलांचा शाळेच्या दाखल्यावरचा जन्म १ जूनचा असतो, कारण प्रवेशाच्या वेळी तोच लिहिला जातो. खरं पोर त्याहून आठ महिन्यांनी लहान असेल तर ते तक्त्यावर विनाकारण 'बुटकं' ठरतं. ग्रामपंचायतीतली जन्मनोंद किंवा लसीकरणाचं कार्ड घेऊन जा. तक्ताही योग्य वापरा: पाच वर्षांपर्यंत जागतिक आरोग्य संघटनेचा, पुढे भारतीय बालरोग संघटनेचा २०१५ चा. तिसऱ्या टक्केवारीच्या रेषेखाली असणं (म्हणजे त्याच वयाच्या शंभर मुलांत सगळ्यात बुटक्या तिघांत असणं) किंवा आपली रेष सोडून खाली घसरत जाणं, दोन्हीची दखल घ्यायची.

आईबापांची उंचीही तिथेच मोजून घ्या, तोंडी सांगितलेली चालत नाही. मुलाची अपेक्षित उंची: बाप अधिक आई अधिक १३, भागिले २. मुलीसाठी १३ मिळवण्याऐवजी वजा करा. बाप १६२, आई १५० असेल तर मुलगा १६२.५ च्या आसपास, मुलगी १४९.५ च्या. आठ-नऊ सेंमी वर-खाली चालतं. या घरातली मुलगी १४८ ची झाली तर तिला आजार नाही, तो वारसा आहे.

हार्मोनआधी तपासायचं ते

उपाशी, आजारी आणि हार्मोन कमी असलेलं मूल वेगळं ओळखायला सोपी खूण म्हणजे वजन. कुपोषणात आधी वजन उतरतं, मग उंची. मेळघाटातल्या वाड्यांवर दिसतो तो हाच क्रम. ग्रोथ हार्मोन कमी असलेलं पोर मात्र उंचीच्या मानाने गुबगुबीत असतं: गोल बाहुलीसारखा चेहरा, पुढे आलेलं कपाळ, पातळ आवाज, पोटावर चरबी, उशिरा आलेले दात, वयापेक्षा लहान दिसणारं पण हातपाय प्रमाणात. याउलट मूल जाड आणि वर्गात उंचही असेल, तर दोष बहुतेक खाण्याचाच.

कुपोषणात एक चकवा आहे. उपाशी शरीरात ग्रोथ हार्मोन उलट वाढलेलं असतं, पण यकृत त्याचं ऐकत नाही, म्हणून आयजीएफ-१ कमी येतं. हडकुळ्या पोराचा फक्त आयजीएफ-१ चा रिपोर्ट कमी आला म्हणून कोणी इंजेक्शनं सुरू करायला सांगत असेल तर थांबा. आधी सहा महिने नीट खाऊ घाला: डाळ, अंडी, दूध, जवस-शेंगदाण्याची चटणी, पोटातल्या जंतांचं औषध. मग पुन्हा मोजा.

विदर्भात दुसरं मोठं कारण सिकलसेल, म्हणजे तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकडा होण्याचा आनुवंशिक आजार. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, नागपूर, अमरावती, सगळीकडे आहे. सिकलसेलचं मूल हळू वाढतं आणि वयात उशिरा येतं. प्राथमिक आरोग्य केंद्रातली सोल्युबिलिटी चाचणी फक्त संशय सांगते. एचपीएलसी किंवा इलेक्ट्रोफोरेसिस या मोठ्या लॅबमधल्या रक्तचाचण्यांनीच रुग्ण आणि वाहक वेगळे कळतात.

थायरॉईड कमी असलं तरी मूल बुटकं, जाड, मंद, बद्धकोष्ठ असतं, आणि त्याची गोळी ग्रोथ हार्मोनच्या मानाने फुकटात पडते. शिवाय थायरॉईड कमी असताना ग्रोथ हार्मोनची चाचणी केली तर ती खोटीच कमी येते. म्हणून टीएसएच आणि टी४ या थायरॉईडच्या रक्तचाचण्या आधी. दम्यासाठी बिनलेबलच्या पुड्या चालू असतील तर तेही सांगा. त्यात स्टेरॉईड मिसळलेलं असलं तर चेहरा फुगतो आणि उंची थांबते, म्हणजे हुबेहूब याच आजाराचं सोंग. आणि अशी पुडी एकदम बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू उतरवतील.

पहिल्या फेरीत रक्ताची मोजणी, ईएसआर, क्रिएटिनिन, कॅल्शियम-फॉस्फरस, यकृताच्या चाचण्या, गव्हाच्या अ‍ॅलर्जीसारख्या सीलिअ‍ॅक आजाराची टीटीजी चाचणी, लघवी, आणि डाव्या हाताचा मनगटासकट एक्स-रे होतो. प्रत्येक बुटक्या मुलीची गुणसूत्रं तपासावीत, कारण टर्नर सिंड्रोम (मुलीत एक एक्स गुणसूत्र नसणं किंवा अपुरं असणं) बाकी काही न दिसताही असू शकतं. एक्स-रेवरून 'हाडांचं वय' कळतं. ते दोन-तीन वर्षं मागे असलं की पालकांना वाटतं आजार पकडला. तसं नाही. उशिरा वाढणाऱ्या निरोगी मुलातही, थायरॉईडमध्येही आणि हार्मोनच्या कमतरतेतही ते मागेच असतं. उशिरा वाढणाऱ्याचा वेग मात्र ठीक असतो. त्या मुलाला इंजेक्शन नको, वाट पाहणं पुरे.

वेळ न घालवता धावायचं ते वेगळं. नवजात बाळ वारंवार निळं-गार पडतं, साखर उतरते, कावीळ आठवड्यानुआठवडे टिकते, मुलाचं लिंग २.५ सेंमीपेक्षा लहान आहे किंवा टाळू फाटलेला आहे, तर पिट्युटरी तपासायलाच हवी. मोठ्या मुलात सकाळची उलटी आणि डोकेदुखी, बाजूचं न दिसणं, अचानक घागरभर पाणी पिणं आणि तेवढीच लघवी, ही मेंदूच्या तळाशी गाठ असल्याची चिन्हं असू शकतात. तेव्हा पोळ्या-होळीची वाट पाहू नका.

चाचणीचा दिवस

एकदा रक्त काढून ग्रोथ हार्मोन मोजण्याला काहीच अर्थ नाही. उसळी नसताना ते निरोगी माणसातही शून्याजवळ येतं. 'हार्मोन ०.३, कमतरता' असा लॅबचा कागद घेऊन घाबरू नका.

खरी चाचणी उत्तेजन देऊन करतात. आपल्याकडे सहसा क्लोनिडिन आणि ग्लुकॅगॉन वापरतात. मूल रात्रीपासून उपाशी, पाणी चालतं. शिरेत सुई ठेवून क्लोनिडिननंतर ०, ३०, ६०, ९०, १२० मिनिटांनी रक्त घेतात. ग्लुकॅगॉनला तीन तास लागतात. दोन वेगवेगळ्या चाचण्यांत हार्मोन कमी आलं तरच निदान पक्कं धरतात. ज्याच्या खाली 'कमी' म्हणायचं ती जुनी रेष मिलीमागे १० नॅनोग्रॅमची, पण आता यंत्रानुसार बरेच ठिकाणी ७ धरतात, म्हणून लॅबची रेष रिपोर्टवर लिहून घ्या. साधारण ११ वर्षांवरचा मुलगा किंवा १० वर्षांवरची मुलगी वयात आलेली नसेल, तर चाचणीआधी काही दिवस लैंगिक हार्मोन देण्याची पद्धत आहे. ते न देता निरोगी मुलाचीही चाचणी कमी येऊ शकते. डॉक्टरांना हे विचारायला संकोच नको.

क्लोनिडिनने रक्तदाब उतरतो आणि मूल तासन्‌तास गुंगीत राहतं. त्याला मोटरसायकलवर मधे बसवून पन्नास किलोमीटर गावाकडे नेणं हा खरा धोका आहे. त्या रात्री शहरात राहा किंवा बसने झोपवून न्या. ग्लुकॅगॉननंतर मळमळ होते आणि पुढच्या काही तासांत साखर उतरू शकते, म्हणून पोटभर खाऊ घातल्याशिवाय दवाखाना सोडू नका. इन्सुलिनची चाचणी फक्त मोठ्या रुग्णालयात, शेजारी डॉक्टर असतानाच.

कमतरता पक्की झाली की एमआरआय. चिठ्ठीवर 'पिट्युटरी' शब्द आहे का ते पाहा. नुसता मेंदूचा साधा एमआरआय झाला तर पुन्हा पैसे भरावे लागतात.

नागपूर-सेवाग्रामच्या मोठ्या रुग्णालयांत बालरोग विभागात जाण्याआधी हार्मोनतज्ज्ञ कोणत्या वारी बसतात ते फोनवर विचारा. आरबीएसकेची, म्हणजे मुलांच्या सरकारी आरोग्य तपासणीची टीम अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येते. त्यांच्याकडून जिल्हा रुग्णालयाच्या डीईआयसीची (मुलांच्या आजारांचं लवकर निदान करणाऱ्या केंद्राची) चिठ्ठी घेतली तर पुढचा रस्ता सोपा होतो.

इंजेक्शन, पैसा आणि फ्रीज

१९८५ पर्यंत हे हार्मोन मृत माणसांच्या पिट्युटरीतून काढायचे, आणि त्यातून मेंदू पोखरणारा सीजेडी आजार काही मुलांना झाला. त्या वर्षापासून प्रयोगशाळेत बनवलेलं, तसा धोका नसलेलं हार्मोन आलं. म्हाताऱ्या नातेवाइकांनी 'ऐकलंय, त्याने वेड लागतं' म्हटलं तर त्या भीतीचं मूळ हे असू शकतं.

मात्रा वजनावर: रोज किलोमागे साधारण २५ ते ३५ मायक्रोग्रॅम. १ मिलीग्रॅम म्हणजे ३ युनिट. २० किलोच्या पोराला ३० मायक्रोग्रॅमने रोज ०.६ मिलीग्रॅम, म्हणजे १.८ युनिट, महिन्याला ५४ युनिट. मेडिकलवाल्याला युनिटमागचा भाव विचारा, ५४ ने गुणा, वर्षाचा हिशेब काढा. पोरगं ३० किलोचं झालं की तेच ८१ युनिट होतात. हे गणित आधीच मांडा. सोयाबीनचे पैसे आले की सुरू आणि उन्हाळ्यात बंद, असा उपचार करण्यात अर्थ नाही.

मदतीचा एक रस्ता आहे. २०२१ च्या राष्ट्रीय दुर्मिळ आजार धोरणात सिद्ध झालेल्या कमतरतेचा आणि टर्नरचा ग्रोथ हार्मोन उपचार दुसऱ्या गटात आहे. महाराष्ट्रात त्यासाठी मुंबईचं केईएम रुग्णालय केंद्र आहे, आणि मदत कुटुंबाच्या हाती न येता केंद्रामार्फत खर्च होते. दोन्ही चाचण्यांचे रिपोर्ट, एमआरआय आणि मोजमापाचा कागद यांच्याशिवाय तिथे काम पुढे सरकत नाही.

बाटलीतलं औषध इन्सुलिनच्या सिरिंजने देताना मोठी चूक होते. सिरिंजवरची 'युनिट' इन्सुलिनची आहे, ग्रोथ हार्मोनची नाही. समजा ४ युनिटची बाटली १ मिलीत विरघळवली. १.५ युनिटसाठी ०.३७५ मिली हवं, म्हणजे ४० च्या सिरिंजवर १५ रेषा. 'दीड युनिट' म्हणून दीड रेष ओढली तर मुलाला दहावा हिस्साच मिळतो. कंपनीगणिक घनता बदलते, म्हणून रेषांचा आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. पाणी बाटलीच्या काठावरून सोडा, हातात हळू फिरवा. जोरात हलवलं की औषध बिघडतं. गढूळ झालं तर फेका.

रोज रात्री झोपण्यापूर्वी, कातडीखाली: मांडी, पोट, ढुंगण. जागा रोज बदला, नाहीतर तिथली चरबी खड्ड्यासारखी विरते. इंजेक्शनचं तयार पेन असेल तर बटण दाबून दहापर्यंत मोजा, मगच सुई काढा. वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात साठवून आरोग्य केंद्रात द्या, उकिरड्यावर नको. एक दिवस चुकला तर दुसऱ्या दिवशी दुप्पट देऊ नका.

औषध २ ते ८ अंशांत ठेवायचं, आणि चंद्रपूर-नागपूरकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर असतो, त्यात भारनियमन. फ्रीजमध्ये मधल्या कप्प्यात, मागच्या भिंतीला आणि बर्फाच्या कप्प्याला न चिकटता ठेवा. दारात तापमान सारखं हलतं. एकदा गोठलेलं औषध वितळल्यावर नवं दिसतं, पण निकामी असतं. चांगलं थर्मामीटर आत ठेवा. वीज गेली की दार उघडू नका. खालच्या कप्प्यात पाण्याच्या बाटल्या भरून ठेवल्या तर थंडावा जास्त टिकतो. घरात फ्रीज नसेल तर औषधाच्या किंवा दुधाच्या दुकानदाराशी बोला. माठात किंवा रेतीच्या दुहेरी मडक्यात तापमान उतरतं, पण ८ अंशांपर्यंत जात नाही, त्यावर विसंबू नका. उपकेंद्राच्या लसीच्या फ्रीजमध्ये लसीशिवाय दुसरं ठेवायचं नसतं, सिस्टरला त्या पेचात टाकू नका.

शहरातून आणताना बर्फाची पिशवी औषधाला थेट लावू नका. पिशवी बाहेर ठेवा. हलवल्यावर आत पाणी खळखळ वाजलं की ती वापरायला तयार. मग रुमालात गुंडाळून थर्मासमध्ये ठेवा.

बरं चाललंय की नाही

पहिल्या वर्षी साधारण ८ ते १२ सेंमी वाढ अपेक्षित, पुढे वेग कमी होतो. तीन ते सहा महिन्यांनी उंची, वजन, पाठीचा कणा, टी४, साखर आणि आयजीएफ-१ बघतात. उंची वाढलीच नाही तर मात्रा वाढवायच्या आधी विचारा: किती रात्री चुकल्या? फ्रीज किती वेळा बंद होता? वजन वाढूनही मात्रा तीच आहे का? थायरॉईड? बहुतेक वेळा उत्तर यातच सापडतं.

डोकं दुखून उलट्या, धूसर दिसणं, किंवा लंगडणं आणि मांडी-गुडघ्यात दुखणं दिसलं तर इंजेक्शन थांबवून लगेच दाखवा. गुडघा दुखतो म्हणून मालिश करू नका, खुब्याचं हाड सरकलेलं असू शकतं.

काही मुलांत पिट्युटरीची बाकीची हार्मोनंही कमी असतात. त्यामुळे कॉर्टिसॉल (मूत्रपिंडावरच्या ग्रंथीतून येणारं, आजारपणात शरीराला तारणारं हार्मोन) कमी पडत असेल तर त्याच्या जागी हायड्रोकॉर्टिसोनची गोळी रोजची, आणि ताप आला की डॉक्टरांनी लिहून दिल्याप्रमाणे दुप्पट-तिप्पट. उलट्या होऊन गोळी टिकत नसेल तर ताबडतोब दवाखान्यात इंजेक्शन. हे शाळेच्या दप्तरात चिठ्ठीवर ठेवा. अशा मुलांना उपवासही करू देऊ नका.

उंचीचं औषध वर्षाला २ सेंमीच्या खाली वाढ आली, किंवा हाडांचं वय मुलींत १४, मुलांत १६ च्या आसपास गेलं की थांबवतात. मग पुन्हा चाचणी करतात, कारण लहानपणी फक्त याच हार्मोनची कमतरता असलेल्या बऱ्याच जणांचं मोठेपणी सुधारतं. ज्यांचं सुधारत नाही, त्यांना थकवा, पोटावरची चरबी, ठिसूळ हाडं आणि वाढतं कोलेस्टेरॉल यांसाठी कमी मात्रा चालू ठेवतात.

मोठ्या माणसांतही हे हार्मोन नव्याने जाऊ शकतं. घरी बाळंतपण होऊन खूप रक्त गेलं, दूध उतरलंच नाही, पाळी परत आली नाही आणि बाई कायम थकलेली, तर पिट्युटरी सुकलेली असू शकते. घोणस चावून वाचलेल्या माणसातही महिन्या-वर्षांनी तेच होतं. कापसाच्या शेतात घोणस नवी नाही, पण चार वर्षांपूर्वीचा चावा डॉक्टरला कोणी सांगत नाही. सांगा. तिथे आधी सकाळी आठचं कॉर्टिसॉल आणि टी४ तपासतात, आणि कॉर्टिसॉलची गोळी थायरॉईडच्या गोळीआधी सुरू होते.